न चावणारा स्क्रू

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा यंत्रमागांच्या गल्लीतल्या एखाद्या एकशटरी वर्कशॉपमध्ये जा आणि जुन्या लेथवर काम करणाऱ्या माणसाला विचारा, ‘क्रॉस स्लाइडचे स्क्रू नेमके किती आवळायचे?’ बहुतेक जण हसतील. उत्तर सगळ्यांना ठाऊक असते, पण हाताला जमत नाही. स्क्रू जरा आवळला की स्लाइड जाम होते आणि हँडल फिरवताना खांदा भरून येतो. केसभर सैल केला की स्लाइड डुगडुगते, टूल थरथरते आणि जॉबवर बारीक लाटा उमटतात. मधली जागा सापडत नाही. कधी सापडलीच तर चार दिवसांत पुन्हा हरवते. नवे स्क्रू आणून घातले तरी महिनाभरात तोच खेळ सुरू होतो.

‘मशीन म्हातारे झाले,’ असा निकाल देऊन माणूस मोकळा होतो. मशीन म्हातारे असेलही. पण पुष्कळदा दोष त्या बोटाच्या पेराएवढ्या स्क्रूच्या टोकात असतो. ते टोक झिजलेले किंवा कमकुवत असते असे नाही. ते गरजेपेक्षा फार कठीण असते. त्याच्या टोकाला पितळेचा एक तुकडा बसवला की तोच लेथ पुन्हा ताळ्यावर येतो. असे का होते आणि तसला स्क्रू घरच्या घरी कसा बनवायचा, ते पाहू.

खोबण, पट्टी आणि फट

लेथवर फिरतो तो जॉब. त्याला कापणारे टूल एका सरकत्या ठोकळ्यावर बसवलेले असते. पुढे-मागे सरकणारा हा ठोकळा म्हणजे क्रॉस स्लाइड. तिच्यावर आणखी एक छोटी, तिरकी फिरवता येणारी स्लाइड असते, ती कंपाउंड. दोन्ही स्लाइड ज्या वाटेवरून सरकतात तिला डव्हटेल म्हणतात. ही वाट वर रुंद आणि खाली अरुंद असते, तिच्या बाजू आत झुकलेल्या असतात. त्यामुळे स्लाइड पुढे-मागे जाऊ शकते, पण वर उचलली जात नाही.

दोन ओतीव लोखंडी भाग एकमेकांत इतके नेमके बसवणे, की सरकतील पण हलणार नाहीत, हे फार महागाचे काम. शिवाय झीज झाल्यावर करायचे काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून कारागिरांनी युक्ती केली. एका बाजूला मुद्दाम जागा मोकळी ठेवली आणि तिथे एक लांबट पट्टी घातली. ही गिब पट्टी. बाहेरच्या बाजूने तीन-चार स्क्रू या पट्टीला आत ढकलतात. पट्टी वाटेला टेकते, फट कमी होते. झीज झाली की स्क्रू थोडे आवळायचे आणि मशीन पुन्हा नीट चालवायचे.

ही फट किती हवी? तेलाचा पातळ थर मावेल इतकी, म्हणजे साधारण दोन-तीन शतांश मिलिमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. आता स्क्रूकडे पाहा. एम-६ मापाच्या साध्या स्क्रूच्या आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर असते, म्हणजे पूर्ण एक फेरा दिला की स्क्रू १ मिलिमीटर आत जातो. मग तीन शतांश मिलिमीटर हवे असतील तर फेऱ्याचा किती भाग द्यायचा? सुमारे दहा अंश. घड्याळाच्या मिनिटकाट्याला दहा अंश सरकायला दोन मिनिटेही लागत नाहीत. पाना इतका हलकेच फिरवायचा आणि पट्टीनेही तेवढेच सरकायचे, ही सगळी व्यवस्था त्या टोकाच्या शहाणपणावर अवलंबून असते.

चावण्यासाठीच जन्मलेला

बाजारात ग्रब स्क्रू मागितला की काळा, बिनडोक्याचा, एका टोकाला षटकोनी खाच असलेला स्क्रू मिळतो. त्याचे दुसरे टोक नीट पाहा. ते वाटीसारखे खोलगट असते आणि वाटीची कड धारदार असते. ही धार अपघाताने आलेली नाही.

या स्क्रूची गोष्ट कापडगिरण्यांच्या काळातली आहे. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये उभी राहिली. त्या काळी जगभरच्या गिरण्यांत छताजवळून लांबच लांब शाफ्ट फिरत असत आणि त्यांच्यावरच्या पुल्यांवरून चामड्याचे पट्टे खाली यंत्रांकडे येत. पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून तिच्यातून एक स्क्रू शाफ्टवर दाबलेला असे. या स्क्रूचे चौकोनी डोके पुलीबाहेर डोकावत असे. फिरत्या शाफ्टवरच्या अशा डोक्यात कामगाराचा सदरा अडकला की मग माणूस त्याच्याबरोबर ओढला जाई. अमेरिकेत हार्टफर्ड इथल्या विल्यम ॲलन यांनी १९१० च्या सुमारास डोके नसलेला, खाचेत चावी घालून फिरवायचा स्क्रू बाजारात आणला आणि त्याला नावच दिले ‘सेफ्टी सेट स्क्रू’. आपण ज्याला ॲलन की म्हणतो, ती त्यांचीच.

या स्क्रूचे काम शाफ्टला चावून धरणे हे होते. त्यामुळे त्याला कडक पाणी दिलेले असते. आजच्या प्रमाणित ग्रब स्क्रूचा कठीणपणा विकर्स मापावर ४५० ते ५६० असतो, तर लेथच्या गिब पट्टीचे ओतीव लोखंड २०० च्या आसपास. म्हणजे पट्टीपेक्षा स्क्रू दुपटीहून जास्त कठीण. पुलीसाठी हे उत्तम. गिब पट्टीवर मात्र आपण चावणारे जनावर बांधून ठेवतो आणि मग त्याने चावा घेतला म्हणून कपाळाला हात लावतो.

पेरभर चावी, ऐंशी किलोचा दाब

आता हिशेब करू. अवघड नाही.

एम-६ च्या ग्रब स्क्रूला ३ मिलिमीटरची ॲलन की लागते. तिच्या पाच सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला आपण सहज दोन किलोचा जोर लावतो. स्क्रूचे आटे हा जोर अनेक पटींनी वाढवतात. आट्यांतले घर्षण वजा जाता स्क्रूचे टोक पट्टीवर सुमारे ८० किलो वजनाइतका दाब देते. एक धडधाकट माणूस त्या टोकावर उभा राहिल्यासारखे.

हा दाब पडतो किती जागेवर? वाटीची कड तीनेक मिलिमीटर व्यासाची, पण धारदार, म्हणजे प्रत्यक्ष टेकणारी जागा अर्ध्या चौरस मिलिमीटरच्याही खाली. २०० कठीणपणाच्या लोखंडाचा ढोबळ अर्थ असा, की एका चौरस मिलिमीटरवर सुमारे २०० किलोचा भार आला की ते दबून खड्डा पडतो. ८० किलोचा भार ०.४ चौरस मिलिमीटरवर आला की हा आकडा गाठला जातो. म्हणजे रोजच्या साध्या हातानेच स्क्रू पट्टीत रुततो. जोर करणारा माणूस लागतच नाही.

रुतला तर बिघडले काय? इथेच ती ‘मधली जागा’ हरवते. स्क्रूने पट्टीच्या पाठीवर गोल चर पाडला आणि चराच्या काठाला धातू वर उचलला गेला. पुढच्या वेळी आपण स्क्रू दहा अंश सैल करतो. आट्यांत थोडा ढिलेपणा असतोच, त्यामुळे स्क्रूची कड जुन्या चरात नेमकी बसत नाही. ती काठावर चढते किंवा अर्धवट आत घसरते. पाना दहा अंश फिरतो आणि पट्टी कधी शून्य सरकते, कधी पाच शतांश मिलिमीटर. शिवाय फिरणारी कड पट्टीला आपल्याबरोबर थोडी ओढते, त्यामुळे शेजारच्या स्क्रूचेही गणित बिघडते. पहिला लावला की दुसरा सुटतो, दुसरा लावला की तिसरा.

आणखी एक खूण सांगतो. स्लाइड पुढे नेताना घट्ट आणि मागे आणताना हलकी लागत असेल, तर पट्टी स्लाइडच्या आत किंचित लांबीच्या दिशेने सरकते आहे आणि स्क्रूचे टोक खड्ड्याच्या उतारावर चढ-उतर करते आहे, असा संशय घ्यायला हरकत नाही. पट्टी काढून पाठ उजेडात धरली की चंद्रासारखे वर्तुळाकार चर दिसतात. जुन्या मशीनच्या पट्टीवर तर एकात एक गुंतलेल्या चार-पाच कड्या असतात.

धोट्याला जे कळते

सोलापुरात हे कोणाला वेगळे समजावून सांगायची खरे तर गरज नाही. साध्या यंत्रमागावर धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे मिनिटाला शंभरच्या आसपास वेळा फेकला जातो. धोट्याच्या दोन्ही टोकांना पोलादी टोप्या असतात. त्यांना ठोकर देणारा पिकर मात्र पोलादी नसतो; पूर्वी तो म्हशीच्या कातड्याचा असे, आता बहुधा प्लॅस्टिकचा. तो झिजतो, त्याला खड्डा पडतो, मागवाला तो काढून दुसरा घालतो आणि धोटा चालू राहतो. पिकर पोलादी केला असता तर तो जन्मभर टिकला असता आणि धोटे मात्र रोज फुटले असते. झिजायचेच असेल तर बदलायला स्वस्त आणि सोपा भाग झिजू द्यायचा, हे चादर विणणाऱ्या या गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. लेथचा स्क्रू पिकरसारखा आणि गिब पट्टी धोट्यासारखी, एवढेच लक्षात ठेवले तर पुढचे सगळे आपोआप सुचते.

पट्टी वाचवण्याला व्यवहाराचाही भाग आहे. आपल्याकडच्या छोट्या वर्कशॉपांत कितीतरी लेथ असे आहेत, ज्यांचा मूळ कारखानाच उरलेला नाही. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहरला सुरू केलेल्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ एके काळी देशभर गेले. तो कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली. अशा मशीनची पट्टी खराब झाली तर ओतीव लोखंडाचा तुकडा आणून, तिरकस घासून, स्क्रेप करून नवी बनवावी लागते. त्या मजुरीत स्क्रूंचे डबेच्या डबे येतील.

पितळ, तांबे, नायलॉन, शिसे

टोकाला काय बसवायचे, यावर वर्कशॉपगणिक मते आहेत. माझे मत पितळेला आहे, आणि त्याचे कारण फक्त मऊपणा नाही.

टोकाला दोन गुण एकाच वेळी हवेत. पट्टीला ओरखडा पडू नये इतके ते मऊ हवे आणि टूलचा जोर आला तर स्प्रिंगसारखे दबू नये इतके ताठ हवे. मऊ आणि ताठ हे दोन वेगळे गुण आहेत, आणि गल्लत नेमकी इथे होते. मऊपणा म्हणजे खड्डा किती लवकर पडतो. ताठपणा म्हणजे दाबल्यावर वस्तू किती कमी आखडते आणि सोडल्यावर परत मूळ लांबीला येते.

नायलॉन मऊ आहे, पण ताठ अजिबात नाही. ३ मिलिमीटर व्यासाचा आणि ५ मिलिमीटर लांबीचा पितळी तुकडा २० किलोच्या भाराखाली मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दीडपट आखडतो. त्याच मापाचा नायलॉनचा तुकडा त्याच्या सुमारे चाळीसपट, म्हणजे पाच-सहा शतांश मिलिमीटर. आपण जी फट दोन-तीन शतांशांवर आणायला निघालो आहोत, तिच्या दुप्पट तर टोकच दबले! कटिंग टूलने जॉब तोडताना अशी स्लाइड थरथरणारच. नायलॉन वाईट नाही, पण त्याची जागा वेगळी. हँडलवरच्या अंक कोरलेल्या रिंगला हलकेच अडवणाऱ्या स्क्रूला ते छान शोभते.

शिसे आणखी वेगळा त्रास देते. ते सतत दाबाखाली ठेवले की साध्या हवेतही हळूहळू पसरत राहते. सोमवारी लावलेला स्क्रू शनिवारी सैल. जुने कारागीर स्क्रूच्या भोकात आधी छर्रा टाकत. आटे धरून ठेवायला ती युक्ती ठीक, गिबसाठी नाही. तांबे चालते, पण कापताना चिकटते आणि घासून सपाट करायला पितळेइतके सोयीचे नाही. ॲल्युमिनिअम मी वापरणार नाही. त्याच्या पृष्ठभागावर येणारा ऑक्साइडचा थर कठीण असतो, म्हणजे मऊ टोकाला पॉलिश पेपर चिकटवल्यासारखे होते.

पितळ गिबच्या लोखंडापेक्षा मऊ, ताठपणात पोलादाच्या निम्मे, कापायला सुखाचे आणि मिळायला सोपे. ब्रेझिंगची पितळी कांडी कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात मिळते. तिच्यातली तीनेक मिलिमीटर जाडीची कांडी घेतली की अर्धे काम झाले.

आता पुन्हा हिशेब. ३ मिलिमीटर व्यासाच्या सपाट पितळी टोकाचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिलिमीटर. तोच ८० किलोचा दाब आता एका चौरस मिलिमीटरवर जेमतेम ११ किलो पडतो. पट्टीला खड्डा पडायला हवे होते २०० च्या आसपास. त्यामुळे पट्टीवर चर पडत नाही; पितळेचे उंचवटे मात्र बसून जातात आणि टोक पट्टीच्या जुन्या खाचखळग्यांवर हळूहळू स्वतःची बैठक करून घेते.

बनवायचा कसा

पहिली अडचण ग्रब स्क्रूचीच आहे. तो कडक असतो; साधे ड्रिल त्याच्यावर चालत नाही, कोपरे जाळून बसते. कार्बाइडचे ड्रिल आणा किंवा स्क्रूचे पाणी उतरवा. पाणी उतरवायचे तर टोकाकडची बाजू लाल होईपर्यंत तापवून कोरड्या चुन्यात किंवा राखेत सावकाश निवू द्यायची. खाचेकडच्या बाजूला ओली चिंधी गुंडाळली तर खाचेचा कडकपणा राहतो आणि चावी घसरत नाही. मात्र चकचकीत पांढरा, जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रू कधीही तापवू नका. जस्ताच्या धुराने ताप भरतो, अंग दुखते.

याहून सोपा मार्ग म्हणजे पूर्ण आट्यांचा साधा बोल्ट घ्यावा. तो ड्रिलने सहज कापला जातो, डोक्याला पाना लागतो आणि वर चेकनट, म्हणजे स्क्रू जागीच अडकवणारा नट, बसवायला जागा असते. मी स्वतः कुणालाही बोल्टच सुचवीन. ग्रब स्क्रूचा हट्ट फक्त तिथे धरावा, जिथे बाहेर डोके आले तर हँडलला किंवा हाताला लागते.

बोल्ट चकमध्ये थेट धरला तर जबड्यांखाली आटे चेपतात. त्यासाठी पंधरा-सोळा मिलिमीटरच्या सळीचा तुकडा घ्या, चकमध्ये धरून मधोमध ५ मिलिमीटरचे भोक पाडा आणि त्यात एम-६ चा टॅप फिरवा. हा झाला धरायचा बुश. बोल्टवर आधी एक नट चढवा, मग बोल्ट या बुशमध्ये पिरगाळा. टोक दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवा आणि नट बुशला आवळून बोल्ट जागीच अडकवा. एकदा बनवलेला बुश वर्षानुवर्षे कामी येतो.

आता टोक सपाट करा, सेंटर ड्रिलने खूण घ्या आणि ३ मिलिमीटर व्यासाचे, ५ मिलिमीटर खोल भोक पाडा. एम-६ बोल्टच्या आट्यांच्या बुडाचा व्यास पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे ३ मिलिमीटरच्या भोकाभोवती जेमतेम पाऊण-एक मिलिमीटरची भिंत उरते. याहून मोठे भोक पाडू नका, टोक फुगून आटे अडकतील. भोकाचे तोंड थोडे तिरके उतरवा आणि बर काढून टाका.

पितळी कांडी चकबाहेर दहा मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नका, नाहीतर ती टूलपासून दूर वाकते आणि एका बाजूला जाड राहते. ड्रिल नेहमी आपल्या मापापेक्षा किंचित मोठे भोक पाडते, म्हणून कांडी भोकात बसवून बसवूनच घासा. साडेसहा मिलिमीटर लांब तुकडा कापला की ५ आत आणि दीड बाहेर राहील.

घट्ट ठोकून बसवावा की मोकळा ठेवावा, हा जुना वाद आहे. घट्ट बसवायचा असेल तर तुकड्याच्या अंगावर कानशीने एक बारीक सपाट पट्टा घासा, म्हणजे भोकातली कोंडलेली हवा तिथून निघून जाईल. नाहीतर ठोकलेला तुकडा हवेच्या दाबाने पुन्हा बाहेर येऊ पाहतो आणि आपल्याला वाटते माप चुकले. माझा कल मात्र मोकळ्याकडे आहे. बोटाने आत जाईल, पण डुगडुगणार नाही अशा बेताने बसवलेला आणि ग्रीसने जागीच चिकटवलेला तुकडा दोन गोष्टी करतो. स्क्रू फिरतो तेव्हा तो पट्टीवर स्थिर राहतो आणि पट्टीला ओढत नाही. शिवाय पट्टीची पाठ किंचित तिरकी असली तर तोही तेवढा कलतो. तुकड्याचे आतले टोक थोडे गोलसर केले तर कलणे आणखी सोपे. तोटा एकच: स्क्रू काढला की तुकडा खाली पडून किसात हरवतो. खाली फडके पसरून ठेवावे.

> चौकट : एम-६ स्क्रूची मापे
> आट्यांमधले अंतर १ मिमी. दहा अंशांत सरक सुमारे ०.०३ मिमी.
> टोकातले भोक ३ मिमी व्यास, ५ मिमी खोल.
> पितळी तुकडा साडेसहा मिमी लांब, दीड मिमी बाहेर, तोंड सपाट, कड किंचित उतरवलेली.
> पितळ बाहेर अर्धा मिलिमीटर उरले की बदलावे. पोलाद पट्टीला टेकण्याची वाट पाहू नये.

बसवताना

नवे स्क्रू घालण्याआधी पट्टी बाहेर काढा. तिच्या पाठीवरच्या चरांचे वर आलेले काठ सपाट तेल-दगडावर हलक्या हाताने बसवा. खड्डे भरायच्या मागे लागू नका, फक्त उंचवटे काढा. सरकणाऱ्या बाजूला दगड लावायचा नाही. यंत्रमागांच्या शेजारच्या वर्कशॉपात डव्हटेलच्या कोपऱ्यात सुताचा फुफाटा तेलात भिजून लगद्यासारखा बसलेला असतो. तो खरवडून काढा. नाहीतर आपण पितळ घालून फट मोजणार आणि पट्टी मात्र लगद्यावर टेकलेली असणार.

मग तेल घालून स्लाइड मधोमध आणा. एकेक स्क्रू पट्टीला टेकेपर्यंत आवळा आणि मग दहा अंश मागे घ्या. आता चेकनट आवळताना बहुतेकांचा घोटाळा होतो. नट बॉडीला टेकला की तो स्क्रूला बाहेर ओढतो आणि आट्यांतला सगळा ढिलेपणा एका बाजूला जातो, म्हणजे लावलेली फट नट आवळताना वाढते. म्हणून स्क्रू चावीने धरून ठेवायचा, नट आवळायचा, पुन्हा हात लावून पाहायचा आणि लागले तर आणखी किंचित आत घालून परत तेच करायचे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जमते. टूल पोस्टला डायल लावून स्लाइड हाताने आडवी ढकलून पाहिली तर अंदाजावर राहायची गरजच नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हँडल उलटे फिरवताना सुरुवातीला थोडे रिकामे फिरते. तो ढिलेपणा गिबचा नसतो, स्लाइडच्या लांब स्क्रूचा आणि त्याच्या नटाचा असतो. गिब आवळून तो जात नाही. फक्त दोन्ही गोष्टी एकदम बिघडतात.

दुसरा गैरसमज सोलापूरच्या उन्हाचा. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की ‘पितळ फुगते, म्हणून स्लाइड जाम’ असे ऐकू येते. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगते हे खरे. पण ५ मिलिमीटरच्या तुकड्याचा हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांच्यातला फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीनपटच होतो आणि त्या जागी पोलाद असते तरी त्यातले दोन झालेच असते. उन्हाळ्यात बदलते ते तेल. ते पातळ होते आणि वाटेवरून ओघळून जाते. स्क्रूला हात लावण्याआधी तेलाची कुपी उचलावी.

कुठे घालू नये

मऊ टोक प्रत्येक जागी योग्य नसते, आणि हे न सांगता सोडले तर नुकसान होईल.

काही लेथवर गिब पट्टीला मुद्दाम शंकूच्या आकाराचे खळगे केलेले असतात आणि स्क्रूचे टोकही शंकूसारखे असते. तिथे स्क्रू दोन कामे करतो: पट्टीला आत दाबतो आणि लांबीच्या दिशेने घसरण्यापासून अडवतो. अशा ठिकाणी सगळे स्क्रू सपाट पितळी केले तर पट्टी स्लाइडच्या आत लांबीच्या दिशेने घसरू लागते आणि एके दिवशी टोकातून बाहेर येते. पट्टी अडवायला वेगळी पिन आहे का ते आधी पाहा. नसेल तर मधला एक स्क्रू मूळचाच ठेवा किंवा त्याचे पितळी टोकच खळग्याच्या मापाने शंकू करा.

चांगल्या घडणीच्या अनेक लेथवर गिब निमुळती, पाचरीसारखी असते. ती बाजूच्या स्क्रूंनी दाबली जात नाही, टोकाच्या स्क्रूने लांबीच्या दिशेने सरकवली जाते. तिथे या सगळ्या खटाटोपाचा उपयोग नाही.

आणि वाट मधोमध झिजलेली असेल तर कोणताही स्क्रू मदत करू शकत नाही. रोजचे काम मधल्या भागात होते, म्हणून झीजही तिथेच होते. मधे बरोबर लावलेली स्लाइड टोकांना जाम होते. तिथे स्क्रेपिंगच करावे लागते.

उलट, जिथे स्क्रू आट्यांवर किंवा घासून गुळगुळीत केलेल्या शाफ्टवर टेकतो, तिथे मऊ टोक हमखास हवे. बेअरिंगचा ताण धरणाऱ्या नटात बाजूने घातलेला ग्रब स्क्रू थेट आट्यांवर आवळला की ते आटे कायमचे चेपतात आणि नंतर तो नट ना पुढे जातो ना मागे येतो. स्क्रूच्या आधी भोकात पितळेचा एक तुकडा टाकला असता तर ही वेळ आली नसती.

कठीणपणा नेमका हवा तिथेच ठेवण्याची ही विद्या सोलापुरात मोठ्या पातळीवरही चालते. १९९२ मध्ये इथे सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी गाड्यांच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट ओतते. चिल्ड कास्टिंगच्या पद्धतीत साच्यात कॅमच्या जागी लोखंडी तुकडे बसवलेले असतात. रस त्यांना टेकताच झपाट्याने गोठतो आणि तेवढाच भाग काचेसारखा कठीण होतो. बाकीचा दांडा टूलने कापता येईल इतपत मऊ राहतो. सगळाच दांडा कठीण झाला असता तर त्याला बेअरिंगच्या मापात आणणे जिकिरीचे झाले असते.

आयटीआयमध्ये टर्नरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यात फेसिंग, ड्रिलिंग, टॅपिंग, बसवणी आणि मापन हे सगळे वेगवेगळ्या जॉबवर शिकवले जाते, आणि परीक्षा झाली की ते जॉब भंगारात जातात. या एका स्क्रूत ती पाचही कामे येतात. सोलापूरच्या आयटीआयमधल्या निदेशकांना विनंती आहे, की पुढच्या बॅचला असे चार स्क्रू बनवायला द्या आणि ते संस्थेच्याच लेथवर बसवायला लावा. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने पट्टीवरचे चर पाहिले, तो पुढे कुणाच्याही वर्कशॉपात बिनडोक ग्रब स्क्रू आवळणार नाही.